सरकारी 'पाळणा' केंद्र: मूल ठेवण्याआधी एकदा दुपारी जाऊन या

अंगणवाडी दुपारी सुटते, आणि आईचं काम त्या वेळी निम्म्यावरही आलेलं नसतं. मग मूल आजीकडे, शेजारणीकडे, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीकडे, आणि त्या बहिणीची शाळा बुडते. ही अडचण ओळखून केंद्र सरकारने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडलं. कागदोपत्री त्याचं नाव 'अंगणवाडी-नि-पाळणाघर', बोलताना सगळे 'पाळणा' म्हणतात. इथे त्या सेवेबद्दल लिहायचं आहे: ती कोणाला पुरते, कुठे तोकडी पडते आणि मूल ठेवण्याआधी काय काय बघून घ्यावं.

मत आधीच सांगून टाकतो. खाणं, वजन-उंची आणि लसीकरण या तीन बाबतींत चांगलं चालणारं पाळणा केंद्र हे गल्लीतल्या बहुतेक खासगी पाळणाघरांपेक्षा उजवं असतं. सकाळी अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस हाताशी असतात, त्यामुळे सकाळही बरी जाते. खरी परीक्षा दुपारी दोननंतर. अंगणवाडी सुटली की तिथे उरतात दोन बाया आणि अर्धवट झोपेतली मुलं. केंद्र चांगलं की वाईट हे त्या तीनेक तासांत ठरतं, आणि ते बघायला पालक सहसा कधी जात नाहीत.

योजना नवी वाटली तरी तिची पाळंमुळं जुनी आहेत. नोकरदार आणि आजारी मातांच्या मुलांसाठी सरकारी अनुदानावरची पाळणाघरं १९७०च्या दशकापासून आहेत. २००६ साली ती राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजनेत आली. २०१७ पासून राष्ट्रीय पाळणाघर योजना म्हणून ती राज्यांमार्फत चालू झाली. तोवर कारभार मुख्यतः समाजकल्याण मंडळ आणि स्वयंसेवी संस्थांकडे होता. २०२२ मध्ये केंद्राच्या महिलांसाठीच्या 'मिशन शक्ती' कार्यक्रमाच्या 'सामर्थ्य' भागात तिला 'पाळणा' हे नाव मिळालं. मोठा बदल दोन ठिकाणी झाला. एक, पाळणाघर अंगणवाडीच्याच छपराखाली आलं. दोन, आई नोकरी करते की नाही हा प्रश्न उरला नाही. कोणत्याही आईला मूल ठेवता येतं. हा दुसरा बदल फार मोलाचा आहे. शेतमजूर बाईकडे किंवा चार घरची धुणीभांडी करणारीकडे नोकरीचा दाखला कुठून येणार? जुन्या अटीमुळे, ज्यांना सर्वात जास्त गरज होती त्यांनाच कागद जुळवता येत नव्हते.

आता कटू भाग. देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत आणि पाळणा केंद्रांचं राष्ट्रीय उद्दिष्ट १७,००० ठेवलं गेलं. म्हणजे शंभर अंगणवाड्यांमागे जेमतेम एक. महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत आणि पहिल्या टप्प्यात मंजूर झाली ३४५ केंद्रं. हजारात तीन. त्यामुळे 'आमच्या अंगणवाडीत पाळणा आहे का' हे आधी विचारा. सेविकेला माहीत नसेल तर पर्यवेक्षिकेला, नाहीतर थेट बाल विकास प्रकल्प कार्यालयात. शेजारच्या अंगणवाडीत असेल तर अंतर पायी मोजून बघा. जुन्या नियमावलीत घरापासून किंवा कामाच्या जागेपासून अर्धा ते एक किलोमीटर हे अंतर धरलं होतं, आणि ते योग्यच होतं. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला दुपारी एक फेरी मारता आली पाहिजे. दोन किलोमीटरवरचं केंद्र तिच्या कामाचं नाही.

प्रवेश ६ महिने ते ६ वर्षे या वयात, आणि एका केंद्रात जास्तीत जास्त २५ मुलं. सोबत न्यायचं ते थोडंच: मुलाचा जन्मदाखला, आईचं आणि असेल तर मुलाचं आधार कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड. तिसरी वस्तू विसरू नका. झालेल्या लसी आणि आतापर्यंतची वजनं त्यातच असतात. मुलाची नोंद अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर होते. दुसऱ्या गावातल्या किंवा माहेरच्या अंगणवाडीत त्याची आधीची नोंद असेल तर ती इकडे वर्ग करून घ्यावी लागते. इथे बऱ्याच वेळा गाडी अडते. आई बाळंतपणाला माहेरी गेलेली, नोंद तिकडे झालेली, आणि इकडे नवी नोंद करायला गेलं की आधार आधीच वापरात असल्याचं दिसतं. तिकडच्या सेविकेला फोन करून नोंद सोडवून घेतली की काम होतं. दोन्ही सेविकांना एकमेकींचा नंबर देऊन टाका.

पैशांचं म्हणाल तर २०१७च्या नियमावलीत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिना २० रुपये, १२,००० रुपयांपर्यंत मासिक उत्पन्न असणाऱ्यांना १०० आणि त्यावरच्यांना २०० रुपये असं शुल्क होतं. त्यावरून सरकारी पाळणाघराचा खर्च कोणत्या पातळीचा असतो ते कळतं. कोणी याहून भलतीच रक्कम मागितली, 'डोनेशन' किंवा 'साहित्याचे पैसे' म्हणून, तर पावती मागा. पावती मागितल्यावर मागणी गळून पडली तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

आता माणसांकडे येऊ, कारण या सेवेचा सगळा भार तिथेच आहे. अंगणवाडीची सेविका आणि मदतनीस यांच्याशिवाय पाळण्यासाठी वेगळी एक सेविका आणि वेगळी एक मदतनीस असायला हवी. पाळणा सेविका किमान बारावी पास, मदतनीस दहावी पास. दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. मानधन सेविकेला महिना ५,५०० रुपये आणि मदतनीसला ३,००० रुपये. हिशोब करून बघा: महिन्याचे तास होतात १९५. सेविकेला तासाला २८ रुपये पडतात, मदतनीसला १५ रुपये. दिवसाच्या भाषेत मदतनीसची मजुरी ११५ रुपये. गावात खुरपणीला गेलं तरी याहून जास्त मिळतं.

या आकड्याचा परिणाम थेट तुमच्या मुलावर होतो. दहा महिन्यांच्या मुलाला नव्या बाईच्या अंगाखांद्यावर रुळायला दोन-तीन आठवडे लागतात. कोणाच्या हातून खायचं, कोणाच्या मांडीवर झोपायचं हे ते ठरवतं. मदतनीस दर दोन-चार महिन्यांनी बदलत असेल तर मूल सतत पहिल्या दिवसात राहतं: रडतं, कमी खातं, झोपेतून दचकून उठतं, आणि आईला वाटतं आपलंच मूल चिडकं आहे. त्यात मानधन वेळेवर आलं नाही तर मदतनीस आधी गळते, कारण तिला सर्वात कमी मिळतं आणि तिला दुसरं काम सर्वात लवकर सापडतं. योजनेचा खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतं. कोणत्याही एका बाजूचा हप्ता लांबला की ताण शेवटी सर्वात खालच्या बाईवर येतो. म्हणून मूल ठेवण्याआधी दोन प्रश्न नक्की विचारा. सध्याच्या मदतनीस ताई किती महिन्यांपासून आहेत? आणि मागचं मानधन कधी आलं? दुसरा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल, पण आपुलकीने विचारला तर ताई मोकळेपणी सांगतात. पुढचे तीन महिने केंद्र कसं चालणार याचा अंदाज त्यातून येतो.

२५ मुलं आणि दोन बाया हे प्रमाण कागदावर चालून जातं, पण मुलांची वयं काय आहेत यावर सगळं अवलंबून आहे. चार-पाच वर्षांची वीस मुलं एका बाईला सांभाळता येतात. ती स्वतः खातात, स्वतः शू करून येतात. तीन वर्षांखालची मुलं दहाच्या वर गेली की दोन बाया कमी पडतात. दुपारचं दृश्य असं असतं: एक बाळ भरवणं चालू, दुसऱ्याने शी केली, तिसरं रडतंय, आणि मदतनीस पाणी आणायला किंवा भांडी घासायला बाहेर गेलेली. अशा वेळी रांगतं मूल उंबऱ्यापर्यंत पोहोचायला अर्धं मिनिट पुरतं. केंद्रात तीन वर्षांखालची किती मुलं आहेत हे एकूण पटापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. आणि पाणी कोण आणतं, भांडी कोण घासतं, तेव्हा मुलांजवळ कोण असतं, हेही.

आणखी एक गोष्ट नेहमी बिघडते. अंगणवाडी सेविकेला सर्वेक्षण, मतदार यादी, पोलिओ, सभा, प्रशिक्षण अशी कामं सतत लागलेली असतात. ती बाहेर गेली की पाळणा सेविकेला अंगणवाडीचा वर्गही घ्यायला सांगतात. 'आजच्या दिवस बघ ना' म्हणून सुरू होतं आणि नेम पडतो. मग लहानग्यांकडे मदतनीस एकटी. अंगणवाडीच्या सेविका-मदतनीसांना पाळण्याच्या जादा कामासाठी दीड हजार आणि साडेसातशे रुपये भत्ता ठरलेला आहे, म्हणजे मदत पाळण्याकडे यायची आहे. ती उलट्या दिशेने वाहत असेल तर पालकांनी बोललं पाहिजे, आणि बोलताना सेविकेवर राग काढू नये. तिला ते काम वरून लावलेलं असतं.

जागेचा प्रश्न वेगळाच. जुना निकष मुलामागे ६ ते ८ चौरस फूट, म्हणजे २५ मुलांना जास्तीत जास्त २०० चौरस फूट. बहुतेक अंगणवाड्यांना एकच खोली असते. सकाळी अकरा वाजता मोठ्यांची बडबडगीतं टाळ्या वाजवून चालू आणि त्याच खोलीत आठ महिन्यांचं बाळ झोपवायचं. या वयाचं बाळ दिवसातून दोनदा, कधी तीनदा झोपतं. सकाळची झोप मोडली की दुपारी ते कोणालाच आवरत नाही. चांगल्या केंद्रांनी साध्या युक्त्या केलेल्या दिसतात. कपाट आडवं लावून कोपरा वेगळा केलेला, खिडकीला जाड कापड, मोठ्यांची गाणी बाहेरच्या ओट्यावर. जिथे हे काहीच नाही तिथे सेविकेला सुचवून बघा. पैसे लागत नाहीत, फक्त कपाट सरकवावं लागतं. कपाट मात्र भिंतीला पक्कं हवं, नाहीतर धरून उभं राहणारं मूल ते अंगावर ओढून घेतं.

झोपण्यासाठी झोळी असेल तर ती कशाला बांधली आहे ते बघा आणि तिच्याजवळ कोण बसतं ते बघा. बाळ झोपलं की झोळीतून काढून खाली सपाट, घट्ट गादीवर उताणं ठेवणारी बाई समजूतदार. उशी नको, तोंडापर्यंत येणारं दुपटंही नको. गादीवर रबरी कापड, प्रत्येक मुलाची चादर वेगळी आणि त्यावर नाव, एवढं असलं तर खरूज आणि उवा एका मुलावरून सगळ्यांवर जाण्याचं प्रमाण खूप कमी होतं.

खाण्याच्या बाबतीत ही योजना भक्कम आहे. सकाळचा नाश्ता, दुपारचं ताजं गरम जेवण आणि संध्याकाळी दूध, अंडं किंवा केळं असं काहीतरी. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात अंगणवाडीच्या पूरक आहाराचा निकष मुलामागे रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असा होता. तीव्र कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. खासगी पाळणाघरात डबा घरून न्यावा लागतो आणि तो किती संपला हे आईला संध्याकाळी डबा उघडल्यावर कळतं. इथे शिजवलेलं अन्न समोर वाढलं जातं, हा मोठा फरक आहे.

पण अडचण सहा महिने ते दीड वर्षाच्या मुलांची. खिचडी किंवा उसळ शिजते ती तीन ते सहा वर्षांच्यांसाठी. त्यात तिखट असतं, अख्खे शेंगदाणे असतात, कधी मटकी अर्धकच्ची. लहान मुलाला यातलं भरवलं तर ठसका लागतो, आणि शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतू शकतं. उपाय सोपा आहे: फोडणी आणि शेंगदाणे टाकण्याआधी वाटीभर भात-डाळ वेगळी काढायची, नीट घोटायची, वर चमचाभर तेल किंवा तूप. सात-आठ महिन्यांच्या मुलाला अन्न इतकं दाट हवं की चमचा तिरका केला तरी ओघळू नये. पातळ पेजेने पोट भरतं, वाढ होत नाही. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी. भरवणारी बाई मुलासमोर बसते का, की फिरता फिरता घास कोंबते, तेही बघा. घाईत भरवलेलं मूल अर्ध्यात तोंड फिरवतं आणि 'याला भूक नाही' असं वहीत लिहिलं जातं.

आईचं दूध काढून ठेवायचं असेल तर ते वाटी-चमच्यानेच पाजायला सांगा, बाटलीने नको. बहुतेक केंद्रांत बाटल्या नीट उकळण्याची सोय नसते, आणि जुलाबाचं मूळ बऱ्याचदा बुचातच असतं. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत साधारण ४ तास टिकतं. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत तेवढंही धरू नका. फ्रिज नसलेल्या केंद्रात त्या दिवसांत आईने दुपारी येऊन पाजणं हाच खात्रीचा मार्ग. केंद्राने तिला आडकाठी करू नये, बसायला आडोसा द्यावा.

वजनाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे एवढ्याशा चुकीने मोठी गफलत होते. वर्षाच्या मुलाचं वजन महिन्याला साधारण २०० ते २५० ग्रॅमने वाढतं. आता स्वेटर, ओला लंगोट, हातापायातले वाळे आणि करदोटा मिळून ३०० ग्रॅम सहज भरतात. जानेवारीत कपड्यांसकट आणि फेब्रुवारीत उघड्याने वजन केलं तर मूल महिन्याभरात घटल्यासारखं दिसेल. उलटं केलं तर न वाढलेलं मूल वाढल्यासारखं दिसेल, आणि ती चूक जास्त घातक. वजन करताना हजर राहा. काटा आधी शून्यावर आणला का, मूल कमीत कमी कपड्यांत आहे का, आकडा लगेच लिहिला की नंतर आठवून, एवढं बघा. कार्डावरच्या आलेखात एका बिंदूपेक्षा रेषेची दिशा महत्त्वाची. दोन महिने रेषा आडवी गेली तर वाट बघू नका. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी सहा महिन्यांवरच्या मुलाला लावतात: ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ पिवळा. लालमध्ये मूल असेल तर त्याला आरोग्य तपासणी आणि ग्राम बाल विकास केंद्र किंवा रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्राची गरज आहे. नुसता जास्तीचा लाडू देऊन भागत नाही.

आजारपणात केंद्राचं धोरण लेखी नसतं, ते तुम्ही ठरवून घ्या. ताप असलेलं किंवा जुलाब होणारं मूल त्या दिवशी आणायचं नाही, हे कामावर जाणाऱ्या आईला जड जातं, पण बाकी चोवीस मुलांसाठी ते आवश्यक आहे. केंद्रात असताना ताप आला तर कोणाला फोन करायचा, तो फोन लागला नाही तर दुसरा नंबर कोणता, हे भिंतीवर लिहिलेलं असावं. ओआरएसची पुडी अर्धी फोडून ग्लासभर पाण्यात टाकणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच, आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. घरून दिलेलं औषध असेल तर चिठ्ठीवर मुलाचं नाव, किती, किती वाजता. तोंडी निरोपावर औषध देऊ नका, द्यायला सांगूही नका.

वेळ हा सर्वात मोठा अडथळा. साडेसात तास म्हणजे समजा साडेनऊ ते पाच. शेतमजूर, घरकामगार, बचत गटाच्या युनिटमध्ये काम करणारी, अर्धवेळ नोकरी असणारी यांचं यात बसतं, तेही केंद्र घराजवळ असेल तर. आठ तासांची नोकरी आणि तासाभराचा प्रवास असलेल्या बाईचं बसत नाही. कारखान्यातली पहिली पाळी सकाळी लवकर सुरू होते, तेव्हा केंद्राला कुलूप असतं. ज्यांच्यासाठी 'काम करणाऱ्या आयांची सोय' हे शब्द लिहिले गेले, त्यांतल्या शहरी बायांपैकी मोठा वाटा असा बाहेर राहतो. हंगामात वेळ पुढे-मागे करता येते का ते विचारा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत आठला उघडून साडेतीनला बंद केलेलं केंद्र बायांच्या जास्त उपयोगाचं. तास तेवढेच राहतात, फक्त सरकतात. सगळ्या पालकांनी एकत्र मागितलं तर हे शक्य असतं. एकटीने मागितलं तर 'नियमात नाही' एवढंच ऐकू येतं.

दुपारी जाताना कळवून जाऊ नका. अडीच-तीनच्या सुमारास दारात उभं राहिलं की बरंच काही आपोआप दिसतं. दोन्ही बाया हजर आहेत का? झोपलेल्या मुलांजवळ एक तरी बसलेली आहे का, की दोघी बाहेर ओट्यावर? न झोपलेल्या मुलाला जबरदस्तीने आडवं केलंय की त्याच्या हातात काही खेळणं आहे? शी-शू धुण्याची जागा आणि भांडी घासायची मोरी वेगळी आहे का? साबण मुलांच्या हाताला पुरतो का? गॅसची शेगडी, फिनेलची बाटली, विजेचं बटण, पाण्याची टाकी हे चारही रांगत्या मुलाच्या आवाक्याबाहेर हवेत. बादलीत दोन इंच पाणी असलं तरी धोका असतो, त्यामुळे भरलेली उघडी बादली खोलीत दिसली तर तिथल्या तिथे बोला. मूल न्यायला कोण येणार त्यांची नावं वहीत असावीत, आणि नवखा माणूस आला तर ताईने मूल सोडू नये. तुमच्या सख्ख्या दिराला पहिल्या दिवशी परत पाठवलं तर रागावू नका. हे चांगल्या केंद्राचं लक्षण आहे.

मूल रुळवताना घाई नको. पहिले दोन दिवस आईने तासभर तिथेच बसावं आणि मुलाला स्वतः भरवावं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरवणं ताईकडे द्यावं, आईने नुसतं शेजारी बसावं. मग अर्ध्या तासासाठी बाहेर जावं. जाताना सांगून जावं. डोळा चुकवून गेलं की मूल दिवसभर दाराकडे बघत राहतं. दुपारची झोप सर्वात शेवटी, मूल ताईच्या हातून पोटभर खायला लागल्यावर. पूर्ण दिवस साधारण दुसऱ्या आठवड्यात. सोबत आईची जुनी साडी किंवा घरची गोधडी द्या, ओळखीच्या वासाने लहान मुलं लवकर झोपतात.

नोकरी ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत असेल तर सरकारी पाळण्याच्या आधी तिथे विचारा. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने अशा ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा दिली. ती सोय कामाच्या वेळेला जुळते, सरकारी पाळणा जुळत नाही. पण शेतावर, बांधकामावर, लोकांच्या घरात राबणाऱ्यांना कोणाकडे मागणार? त्यांच्यासाठी पाळणा हाच एक दरवाजा आहे, आणि म्हणूनच हजारात तीन हा आकडा अस्वस्थ करतो.

तक्रार असेल तर आधी सेविका, मग पर्यवेक्षिका, मग बाल विकास प्रकल्प अधिकारी. तोंडी बोलणं हवेत जातं. साध्या कागदावर तारीख, वेळ आणि काय घडलं एवढंच लिहा, दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. मुलाला मारहाण किंवा त्याहून गंभीर काही असेल तर या साखळीची वाट न बघता मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ क्रमांकावर फोन करा.

गावात पाळणा नसेल आणि हवा असेल तर मागणीला आकडा लागतो. वाडी-वस्तीनिहाय यादी करा: सहा वर्षांखालची मुलं, त्यांची वयं, आई कुठे आणि किती ते किती काम करते, दिवसा मूल कोण बघतं. मूल सांभाळण्यासाठी शाळेतून काढलेली बहीण असेल तर तेही नोंदवा. त्याबरोबर अंगणवाडीची खोली किती फूट बाय किती, पाणी आणि संडास आहे का, जवळ दुसरी रिकामी सरकारी खोली आहे का. ही यादी ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत मांडा, ठराव लिहून घ्या आणि ठरावाची नक्कल जोडून प्रकल्प कार्यालयात द्या. तीन वर्षांखालच्या मुलांची संख्या यादीत वेगळी दाखवा आणि सुरुवातीलाच दोन मदतनीस मागा.